गावडेकाका बदलून बघतात

गावडेकाका फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नाहीत. ‘प्लग बघितलास?’ असं विचारतात.

तुम्ही वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला फोन केलेला असला तरी हेच. डीव्हीडी प्लेअर बिघडल्याशिवाय आपल्याला कुणी फोन करत नाही, अशी त्यांची ठाम समजूत आहे. आजच्या काळात डीव्हीडी प्लेअर आहे कुणाकडे, असं तुम्ही विचाराल. आमच्या परळच्या चाळीत आहेत, चांगले पाच. त्यातले चार काकांच्याच खोलीत असतात.

परळ हे माझं माहेर. सासर दादरला, म्हणजे बसने मोजून चार स्टॉप, त्यामुळे दर रविवारी मी आईकडे पडीक असते. आईच्या बरोबर वरच्या खोलीत काका राहतात. कॉटन ग्रीनच्या एका गोदामात वायरमन होते. त्यांनी लग्न केलं नाही. त्यांच्या मोठ्या बहिणीने, आक्कानेही केलं नाही. दोघं भावंडं जन्मभर एकत्र राहिली. तीन वर्षांपूर्वी आक्का गेली.

काकांची पद्धत ठरलेली आहे. आधी प्लग, मग वायर, मग प्लेअर, मग टीव्ही. एकेक वस्तू बदलून बघायची. जी बदलल्यावर काम होईल तीच गुन्हेगार. मधली पायरी गाळायची नाही.

एकदा साळवीवहिनींच्या लग्नाची डीव्हीडी अचानक ब्लॅक अँड व्हाइट दिसायला लागली. पिवळी पिन हिरव्या भोकात गेली होती. काकांना ते दारातूनच दिसलं होतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं. तरी त्यांनी प्लगपासून सुरुवात केली, आणि वहिनींचा शालू पुन्हा लाल व्हायला अर्धा तास लागला.

“अहो काका, दिसत होतं तर आधीच का नाही बदललंत?” मी विचारलं.

“दिसतं त्यावर जायचं नाही, निलू. बदलून बघायचं.”

डिस्क पुसायला जुन्या धोतराचा तुकडा लागतो, आणि पुसायची ती आतून बाहेर, सरळ. माझ्या नवऱ्याने एकदा ती गोल पुसली. काका म्हणाले, “जावईबापू, गोल पुसायची ती फरशी.” तेव्हापासून आमचे हे त्यांच्या खोलीत हाताची घडी घालून बसतात.

ही पद्धत काका माणसांनाही लावतात. नव्या चहापत्तीला वासच नाही, अशी आईने एकदा कुरकुर केली. काकांनी तिच्या हातातला कप उचलला आणि थेट साळवीवहिनींना नेऊन दिला. वहिनींना आलं, वेलची, सगळ्याचा वास आला. “चहा चांगलाय. नाक बदला,” असं आईला सांगून काका वर गेले. दुसऱ्या दिवशी आईला सणसणीत सर्दी झाली.

गेल्या रविवारी दुपारी त्यांनी वरून हाक मारली. “निलू, जरा वर ये गो.” प्लगबद्दल अवाक्षर नाही. मी घाबरले आणि तशीच अनवाणी वर गेले.

चारही प्लेअर जमिनीवर मांडले होते, भोवती वायरींचा गुंता. टीव्हीवर माझ्या सायलीचं बारसं चालू होतं. सायली आता कॉलेजात जाते. तिचं बारसं याच चाळीत झालं, आणि पाळणा म्हटला आक्काने. चाळीतल्या प्रत्येक बारशाला पाळणा आक्काच म्हणायची. आवाज बारीक, पण गॅलरीच्या टोकापर्यंत जायचा. तिचा आवाज शिल्लक राहिला तो या एकाच डिस्कवर. माझा प्लेअर भंगारात गेला तेव्हा मी ती काकांना देऊन टाकली होती.

“आवाज गेलाय,” काका म्हणाले.

“काका, खालपर्यंत ऐकू येतोय!” मला अक्षरशः ओरडावं लागलं.

“बाकीच्यांचा येतो. तुझ्या बाबांचा खोकला येतो, पुरुषांच्या गप्पा येतात. आक्काचा नाही. नुसते ओठ हलतात. प्लेअर बदलले, वायर बदलली, साळवींचा टीव्ही आणून लावला. डिस्क मरतेय गो. आणि ती बदलता येत नाही.”

मग ते खुर्चीतून उठले. “एकच गोष्ट बदलायची राहिलीय. बस इथे.”

मी बसले. काकांनी डिस्क पहिल्यापासून लावली. आक्काचा आवाज आला, स्वच्छ, एकेक अक्षर कळेल असा. बिघाड कुठे आहे ते मला कळलं. काका टीव्हीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

“येतो?”

“येतो, काका.”

“मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.”

“तिसऱ्या कडव्यात ती सायलीच्या जागी शैला म्हणाली. आणि स्वतःच हसली.”

काका वायरींच्या ढिगातच मटकन बसले. “म्हणजे डिस्क चांगली आहे,” ते म्हणाले. “कान गेलेत होय! बारीक आवाज धरत नाहीत. पंधरा दिवस उगाच जीव टांगणीला.” आपण बहिरे होतोय हे कळून एवढा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मला मात्र रडू आवरेना.

“कानाचं मशीन मिळतं, काका. उद्याच डॉक्टरकडे जाऊ.”

“जाऊ. त्याला प्लग असतो?” मग रिमोट माझ्या हातात देत ते म्हणाले, “आज परत एकदा लाव. ती शैला म्हणाली की मला सांग.”

ती चुकली त्या वेळी कॅमेरा पाळण्यावर होता, आक्का दिसतच नाही. नुसतं बघून त्यांना कळलं नसतं. मी पुन्हा पहिल्यापासून लावली आणि त्यांच्या शेजारी खाली बसले. तिसरं कडवं आलं. मी काकांचा हात दाबला, आणि काका अगदी आक्काबरोबर हसले.