सुभेदारतात्यांची पेरूची बिस्किटं

तुझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांचं नाव घेत नाही. ते उपकार मोजायचे नसतात. मी नाव घेतो सुभेदारतात्यांचं. माणदेशात मेंढरं राखणाऱ्या आमच्या घराण्यात मी पहिला बी.ए. झालो, तो साताऱ्यात तात्यांच्या मागच्या खोलीत राहून. आणि आजवर मला सगळ्यांत जास्त धक्के दिले तेही तात्यांनीच.

त्यांचं मूळ गाव मेढ्याकडचं. पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि साताऱ्याच्या कडेला घर बांधून राहिले. उंची सहा फुटांच्या वर, मिशा पिळदार, आणि आवाज असा की रस्त्यानं चाललेला टांगा थांबायचा. मी जूनमध्ये राहायला गेलो आणि चार महिने त्यांच्यासमोरून नुसता खाली मान घालून गेलो. मग नवरात्र बसलं. एका सकाळी अंगणातून गर्जना ऐकू आली.

"लाइन सीधी! तू रं, कडंचा! पोट आत!"

कुणाला तरी मार बसतोय अशा समजुतीनं मी पुस्तक टाकून धावलो. अंगणात मार खाणारं कुणीही नव्हतं. तात्या पाटावर मांडी घालून बसले होते. डोक्यावर लष्करी टोपी, कोपरापर्यंत मैदा, आणि पुढ्यात पत्र्याच्या ताटात इवल्या इवल्या अर्धगोल बिस्किटांच्या रांगा. कडेच्या बिस्किटाचं पोट जरा फुगलं होतं. तात्या ते करंगळीनं दाबत होते.

मी जागच्या जागी उभा राहिलो. आमच्या गावी बाप्या माणूस चुलीपुढे बसला तर दोनच कारणं असायची, बायको माहेरी गेली किंवा बायको मेली. इथं तर काकू, म्हणजे तात्यांची बायको, धडधाकट, दारापुढच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या.

"काय बघतुस?" तात्या म्हणाले. "पेरूचं बिस्किट हाय. हात धू आन् फॉल इन हो."

हे दरवर्षी आश्विनात चालायचं. परसात पेरूची दोन झाडं होती. पावसाळा ओसरून ऊन तापायला लागलं की तात्या झाडाखाली फिरून प्रत्येक पेरूला बोटानं टिचकी मारायचे. पिकलेले पेरू उकडायचे, चाळणीतून दाबून बिया काढायच्या, आणि गर साखर घालून कढईत आटवायचा. तो कढईची कड सोडून गोळा झाला की थोडं लिंबू, थोडी दालचिनी. मैद्यात घरचं तूप, पिठीसाखर आणि चिमूट मीठ घालून पीठ मळायचं. ते लाटून पलटणीतल्या इनॅमलच्या मगनं गोल कापायचं, मध्ये चमचाभर गर ठेवायचा, दुमडायचं आणि कड काट्यानं दाबायची. इतकं सोपं. पण तात्यांच्या आवाजात ऐकलं की मोहीम वाटायची.

भट्टी त्यांनीच बनवली होती. तेलाचा मोठा डबा, तळाला वाळू, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. भट्टी तापली का हे ते हात आत घालून पाहायचे आणि तोंडानं लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट म्हणायचे. हात लगेच बाहेर आला तर "फायर लय", फार वेळ टिकला तर "फायर सुस्त". केस जळून त्यांच्या उजव्या हाताचं मनगट लहान मुलासारखं गुळगुळीत झालं होतं.

काकूंना हे सगळं अजिबात मान्य नव्हतं.

"आवं, कड दुमडून आत सारण घालायचं, मंजी करंजीच की ही," त्या ओट्यावरून म्हणायच्या. "मग तळून मोकळं व्हावं माणसानं. दीस दीस कशाला घालवायचा?"

"करंजी शिविलियन हाय," तात्या मान वर न करता सांगायचे. "ह्ये बिस्किट हाय."

"नाव बदलून जात बदलती व्हय?"

"तू तांदळातलं खडं बघ."

"बघतीया. आन् तुमचा मैदा मिशीला लागलाय, त्यो बी बघतीया."

बिस्किटं निघाली की तपासणी व्हायची. ज्याच्या कडेतून गर बाहेर आला ते 'रडकं'. जे खालून करपलं ते 'उन्हात झोपल्यालं'. असली सगळी माझ्या वाट्याला यायची. माझी तीन वर्षांची कॉलेजातली भूक या रडक्यांनीच भागवली. चांगली बिस्किटं डब्यात जायची आणि दसऱ्याला सोनं द्यायला येणाऱ्यांना वाटली जायची. शेजारचे किसनअण्णा बिस्किट हातात घेऊन दरवर्षी तेच विचारायचे, "तात्या, अंडं न्हाई न्हवं?" आणि तात्या दरवर्षी तितकेच संतापायचे. "नवरात्रात अंडं घालीन व्हय मी? बंदुकीची आन हाय!" मग अण्णा बिस्किट खायचे आणि पोरांसाठी म्हणून अजून चार मागून न्यायचे. पोरं त्यांना नव्हती.

एका वर्षी पेरूला कीड लागली. तात्या डगमगले नाहीत. माझ्या आईनं गावाकडून पाटीभर सीताफळं पाठवली होती. तात्यांनी त्यांचा गर काढला आणि पेरूसारखाच कढईत आटवला. सीताफळ आटवलं की कडू होतं हे साताऱ्यातल्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. ओट्यावरची बाईसुद्धा सांगू शकली असती, पण ती त्या दिवशी मुद्दाम गप्प राहिली. बिस्किटं दिसायला फार देखणी झाली. किसनअण्णांनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे पांढरे झाले.

"तात्या, कडूलिंबाचा पाला भरलाय का रं आत?"

तात्यांनी एक खाल्लं. चेहरा हलला नाही. मी उरलेली गोठ्यातल्या म्हशीपुढे टाकायला निघालो तर म्हणाले, "ठेव खाली. चूक माझी हाय, म्हस का खाईल?" आणि दिवाळीपर्यंत रोज चहाबरोबर एक याप्रमाणे त्यांनी ती सगळी संपवली. मी थक्क होऊन पाहत राहायचो. काकू मात्र पदर तोंडाला लावून आत पळायच्या.

पण या सगळ्या खटाटोपातलं मुख्य काम वेगळंच होतं, आणि तेच कधी पार पडत नव्हतं. पहिल्या ताटातली सगळ्यांत सुबक दोन बिस्किटं तात्या बशीत घालून काकूंपुढे न्यायचे. हातातलं काम थांबवून मी बघायचो. काकू बशीकडे बघायच्या, मग तात्यांकडे.

"बाप्याच्या हातचं खायाला मी काय आजारी हाय?"

"अगं, एक तुकडा."

"न्हाई म्हणलं ना. पुडच्या साली बघू."

एवढा मोठा गडी, पण तेवढ्यानं त्याचे खांदे उतरायचे. मग ते बशी घेऊन भट्टीपाशी यायचे आणि मला विचारायचे, "तूप कमी पडलं आसंल का रं? वास न्हाई उठला?" पुढच्या वर्षी तूप वाढायचं. त्याच्या पुढच्या वर्षी वेलदोडा यायचा. काकूंचं उत्तर तेच.

मी एकदा धीर करून म्हणालो, "तात्या, अख्खा सातारा खातोय. काकूंनी नाही खाल्लं तर नाही."

ते निखारे सारखे करत म्हणाले, "गड्या, मला रजा मिळायची ती दसऱ्याला. घरी आलो की पावणं. ह्यो भेटाया येतुय, त्यो जेवाया येतुय. ही चुलीपुडं. भाकरी संपली की चा, चा संपला की भाकरी. रजा संपायची. गाडीत बसलो की ध्यानात यायचं, आपुन हिच्यासंगं बोललोच न्हाई. आशी बावीस वर्सं. मेसच्या खानसाम्याकडनं ह्ये बिस्किट शिकलो तवाच ठरीवलं, घरी गेलो की दसऱ्याला हिला बसवायची आन् आपुन करून घालायचं. घर बांधलं, भट्टी बांधली. बसली बी. पर खाईना."

 ज्या माणसानं दुष्काळाच्या साली, मी कॉलेज सोडून खडी फोडायला जातो म्हणालो तेव्हा "रजा नामंजूर!" असं ओरडून माझी वळकटी परत खोलीत फेकली होती, तो माणूस एका बिस्किटापायी हतबल बसला होता.

पुढे मी पास झालो आणि सांगलीला हायस्कुलात शिक्षक म्हणून लागलो. त्याच वर्षी काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. तात्यांनी त्यांना आश्विनात मिरजेच्या दवाखान्यात आणलं, ऑपरेशन होईपर्यंत वऱ्हांड्यात ताठ उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी परत गेले, कारण त्यांची म्हैस दुसऱ्या कुणालाही धार काढू देत नव्हती. काकूंजवळ त्यांची बहीण राहिली. मी रोज शाळा सुटल्यावर सायकलवरून मिरजेला जायचो.

चारेक दिवसांनी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर तात्यांचा डबा आला. वर फडकं शिवलेला, एखाद्या तोफेच्या गोळ्यासारखा. निरोप एवढाच होता, "हिला देऊन बघ. काय म्हणती ते कळीव."

मी डबा घेऊन गेलो तेव्हा बहीण धुणं वाळत घालायला गेली होती. काकू उताण्या पडल्या होत्या. डोळे बांधलेले, मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, कडक चावायचं नाही, असा हुकूम होता. मी फडकं उसवलं, झाकण उघडलं, आणि खोलीभर पेरू आणि तुपाचा वास पसरला.

"आलं वाटतं पलटणीचं पार्सल," काकू म्हणाल्या.

"काकू, तात्यांनी फार आशेनं पाठवलंय. तुम्ही नाहीच म्हणणार, पण मला विचारणं भाग आहे."

"कोन हाय का खोलीत?"

"कुणी नाही."

"दार लाव. आन् दुधात बुडवून दे."

उशाशी दुधाचा पेला होता. मी दार लावलं. बिस्किट दुधात भिजवून मऊ केलं आणि चमच्यानं भरवलं. काकूंनी ते सावकाश, जिभेवर घोळवून खाल्लं. मग दुसरं मागितलं.

"दालचिनी लय घातलीया औंदा," त्या म्हणाल्या. "गेल्या खेपेला बेताची व्हती."

"गेल्या खेपेला? तुम्ही गेल्या खेपेला खाल्लं होतं?"

"दरसाल खाते. ह्ये म्हशीकडं गेलं की डब्यातलं एक काढते. पैल्या साली खाल्लं तवा मला रडूच आलं बाबा. आसलं ग्वाड मी जल्मात खाल्लं न्हवतं."

मला इतका धक्का बसला की जरा रागच आला. "मग सांगत का नाही? तात्या किती झुरतात तुम्हाला माहीत नाही. दरवर्षी मला विचारतात, तूप कमी पडलं का, वास नाही उठला का. एकदा गोड झालं म्हणालात तर तुमचं काय जाईल?"

 पट्टीखालचा काकूंचा चेहरा मला नीट वाचता येईना.

"शंकर, तुला अजून लगीन न्हाई, तुला न्हाई कळायचं," त्या म्हणाल्या. "बावीस वर्सं ह्या मानसाची मी निस्ती वाट बघितली. आलं तरी चार लोकांत. आता पेरू पाडाला लागल्यापासनं दिवाळीपत्तुर ह्ये माझ्याम्होरं बसत्यात. मी बोलते, ह्ये बोलत्यात. माझ्याकडं बघत्यात, आता तरी हो म्हनंल म्हणून. आरं, एकदा ग्वाड म्हणलं की फत्ते झाली त्यांची. ह्यास्नी मी वळखते. मोहीम संपली की तंबू उचलून दुसरीकडं जाणारं मानूस. कोंबड्या पाळतील, न्हाईतर देवळाच्या पंचात जातील. मग मी वट्यावर कुणाशी बोलू?"

बाहेर बहिणीची पावलं वाजली. काकू घाईनं म्हणाल्या, "तोंड पूस माझं. आन् ह्यास्नी काय कळवायचं त्ये तूच बघ. पास झालाईस न्हवं?"

त्या संध्याकाळी सांगलीला खोलीवर परतल्यावर मी पत्र लिहायला बसलो. दोन कार्डं फाडली. एकीकडे माझे अन्नदाते, ज्यांच्याशी मी कधी एक शब्द खोटं बोललो नव्हतो, आणि दुसरीकडे तो ओटा. आज दोघंही नाहीत, तेव्हा तिसरं कार्ड इथं द्यायला हरकत नाही. मला ते तोंडपाठ आहे.

*तीर्थरूप सुभेदारतात्यांचे चरणी शंकरचा साष्टांग नमस्कार.*

*डबा सुखरूप पोचला. काकूंची प्रकृती उत्तम आहे. पट्टी आठवड्यानं सुटेल. तुमच्या आज्ञेप्रमाणे त्यांना बिस्किट देऊन पाहिलं. घेतलं नाही. पुढच्या साली बघू म्हणाल्या. मात्र डबा उघडल्यावर नुसत्या वासावरून त्यांनी दालचिनी जास्त झाल्याचं ओळखलं, तेव्हा अगदीच लक्ष नाही असं म्हणता येणार नाही. माझ्या मते तुम्ही जवळ आला आहात. प्रयत्न सोडू नयेत.*

*डॉक्टरांनी त्यांना धूर वर्ज्य सांगितला आहे. म्हणून पुढच्या आश्विनात भट्टी ओट्यासमोरून काढून गोठ्याच्या बाजूला लावावी. फार लांब लावू नये. काकूंना ओट्यावर बसून तुमच्याशी बोलता आलं पाहिजे.*

*आपला आज्ञाधारक,*
*शंकर*