बिनमालकाची डबी

कोणत्याही घराला मालक नसावा, हा थोर विचार आमच्या धाकट्याला माझ्या घरात बसून, माझ्या हातचं जेवता जेवता सुचला, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की तो त्याने अमलात आणला.

आम्ही पाच घरांत पसरलेलं एक कुटुंब. गप्पा, फोटो, रुसवेफुगवे सगळं आजवर मोबाइलवर एका कंपनीच्या गटात चालायचं. धाकटा संगणकातला. तो म्हणाला, "आई, आपलं बोलणं त्या कंपनीच्या कोठारात पडून असतं. मधे कुणी नकोच. घर ते घर, थेट." आणि त्याने प्रत्येक घरात साबणाच्या वडीएवढी एक डबी बसवली.

व्यवस्था अशी. कुणी मोबाइलवर काही लिहिलं की त्याची नक्कल पाचही डब्यांत जाऊन बसते. कोठार नाही, मालक नाही, गटप्रमुख नाही. (गटप्रमुख मी होते. मला कुणी विचारलं नाही. विचारायला प्रमुखच उरला नव्हता.) एखादं घर बंद पडलं तरी बाकीची घरं निरोप सांभाळतात, काही अडत नाही. हे समजावताना धाकट्याचे डोळे भरून आले. स्वतःच्या लग्नात आले नव्हते.

सोयीही पुष्कळ झाल्या. थोरल्या सुनेने नणंदेबद्दल लिहिलेलं एक वाक्य पूर्वी पुसता आलं असतं. आता ते पाच घरांत कायमचं सुरक्षित आहे. पुसायचं तर पाचही घरांची संमती लागते, आणि संमती घ्यायला एकमेकींशी बोलावं लागतं.

अशात आमच्या ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. एक डोळा आधीच गेलेला, हा उरलेला. आठवडाभर हे डोळे मिटून, भिंतीला हात लावून चालायचा सराव करत होते. मी डबीवर लिहिलं, 'मंगळवारी सकाळी दवाखाना. सोबत कुणीतरी या.' निरोप सगळीकडे पोचला. प्रत्येक घरातून अंगठा आला. (आमच्या घरचा अंगठा धाकट्याचा. तो शेजारच्या खोलीत होता.)

मंगळवारी कुणी आलं नाही. याला हयगय म्हणू नये. सगळे व्यवस्थेला धरूनच वागले. एक घर नसलं तरी अडत नाही, बाकीची सांभाळतात. तेव्हा ते एक घर आपणच व्हायचं, असं प्रत्येक घराने ठरवलं. ह्यांचा एक हात मी धरला, दुसरा टॅक्सीवाल्याने. त्याच्याकडे डबी नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. शेजारणीला हे सगळं सांगितलं तर ती हळहळली, पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "डबी कुठे मिळते हो?" (तुमच्याही मनात तेच आलं होतं, लाजू नका.)

संध्याकाळी धाकटा कामावरून आला. आधी त्याने डबीचा दिवा पाहिला, मग बापाचा काळा चष्मा.

"बघ आई, एकही निरोप गहाळ झाला नाही."

"नाही रे राजा," मी म्हटलं. "निरोप पाचही घरी सुखरूप आहे. माणसंही पाचही घरी सुखरूप आहेत. आता बापाच्या डोळ्यात दर चार तासांनी थेंब घालायचेत, आणि त्या कामाची नक्कल निघत नाही. या कामाला मालक आहे, ती मी. हात धुऊन ये. पहिली पाळी तुझी. आणि अंगठा दाखवू नकोस, तो साबणाने नीट घास."