एका ताटातला बदला

"चाचा, तुमच्याकडं चालू डीव्हीडी प्लेअर आहे का?" शिवांजलीचा फोन आला तेव्हा नियाज रहिमतपुरातल्या आपल्या दुकानात एका मिक्सरचं पोट उघडून बसला होता. आहे म्हणाला आणि तिथंच फसला. कारण पुढचं वाक्य असं होतं, की येत्या रविवारी तिच्या सासऱ्यांची, म्हणजे नाथाजीआबांची पंच्याहत्तरी आहे आणि त्यांच्यासाठी तिनं तो जुना चिनी पिक्चर मागवलाय. कराटेवाला. बदल्याचा. तुम्हीच नाही का आमच्या वाडीत दाखवला होता? आबा अजून त्याच्या गोष्टी सांगतात.

नियाजच्या हातातला स्क्रूड्रायव्हर मिक्सरमध्ये पडला. "चिनी भाषेत हाय न्हवं?" त्यानं आशेनं विचारलं. शिवांजली म्हणाली, छे, चांगला हिंदीत आहे, नवी प्रिंट आहे, आता आबांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं नीट कळेल. पोरगी मनानं फार चांगली. पण नियाजला नेमकं हे 'नीट कळेल'च नको होतं.

आता ते का, हे सांगायला हवं. छत्तीस वर्षांपूर्वी नियाज गावोगावी व्हिडिओ दाखवत फिरायचा. टीव्ही भाड्याचा, व्हीसीआर भाड्याचा आणि कॅसेटी साताऱ्याच्या एका दुकानातून पहिल्या एसटीनं आणलेल्या. चिनी सिनेमाला गर्दी तुफान व्हायची, पण बोलणं कुणाच्या बापाला कळायचं नाही. मग नियाज माइक घेऊन टीव्हीशेजारी बसायचा आणि मराठीतून गोष्ट सांगायचा. त्याला चिनी येत होतं असं नाही. पण कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि माइक त्याच्याच हातात होता.

वाडीच्या यात्रेला त्यानं हा सिनेमा नेला. दोन कॅसेटी होत्या. शाळेच्या खोलीला पोती लावून भरदुपारी अंधार केला, अख्खी वाडी आत कोंबली आणि पहिली कॅसेट लावली. एका तरण्या गड्यानं पांढऱ्या भुवयांच्या एका म्हाताऱ्याला शोधत डोंगर पालथे घातले, वाटेत पन्नासेक माणसं लोळवली आणि शेवटी म्हाताऱ्याचा जीव घेतला. टाळ्या, शिट्ट्या. मग नियाजनं दुसरी कॅसेट लावली, तर म्हातारा जिवंत. नुसता जिवंत नाही, त्याच गड्याच्या घरी पाहुणा म्हणून आलेला. लोक नियाजकडं बघायला लागले आणि नियाज टीव्हीकडं.

माणूस अडचणीत आला की त्याला सुचतं. नियाजनं माइकवर सांगून टाकलं, की म्हातारा वर गेला, पण देवानं त्याला परत पाठवला. म्हणाला, तू भाऊबंदाशी भांडून आलायस, आधी त्याच्याबरोबर एका ताटात जेवून ये, मग तुला आत घेतो. पडद्यावर दोघं खरोखरच एका ताटात भात खायला बसले आणि नेमका तिथंच व्हीसीआरनं फीत खाल्ली. नियाज माइकवर म्हणाला, "आनि दोगं भाऊ एक झाले. संपला शिनेमा." बायका डोळे पुसत बाहेर पडल्या.

त्या खोलीच्या एका कोपऱ्यात नाथाजी बसला होता, दुसऱ्या कोपऱ्यात त्याचा चुलतभाऊ गुंडा. दोघांच्या रानात मधोमध एक विहीर आणि त्या विहिरीपायी नऊ वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडा नाथाजीच्या दारात गेला आणि म्हणाला, जेवायला आलोय. दोघं एका ताटात जेवले. तेव्हापासून विहीर एक, मोटर एक, पाण्याची पाळी ठरलेली. आणि दरवर्षी नाथाजीच्या वाढदिवसाला दोघं एका ताटात जेवतात, हा त्या घरचा नेमच होऊन बसला.

इकडं नियाज कॅसेटी परत द्यायला साताऱ्याला गेला, तर दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, अरे, चिठ्ठ्या उलट्या लागल्यात, दुसरी ती पहिली आहे. म्हणजे आधी ते जेवण आणि मग तो बदला. दोन्ही कॅसेटींत जो एकच गडी वाटला, ते मुळात बाप आणि मुलगा होते, एकाच नटानं केलेले. पण तोवर वाडीत दोन भाऊ एक झाले होते आणि त्याचं श्रेय माणसं नियाजला देत होती. अशा वेळी जाऊन कुणी सांगतं का? नियाजनं तोंड मिटलं ते छत्तीस वर्षं.

म्हणून रविवारी त्यानं मुद्दाम बिघडलेला प्लेअर उचलला. तीन महिने दुकानात पडून होता, त्याचं चकती ठेवायचं तबक बाहेरच येत नव्हतं. वाडीत पोचल्यावर त्यानं तो टीव्हीला जोडला, बटण दाबलं आणि चेहरा पाडून म्हणाला, आवं, ह्यो तर गेला. गुंडाआप्पा, म्हणजे तोच चुलतभाऊ, उठले. मोटरच्या स्टार्टरला घालतात तशी एक चापट त्यांनी प्लेअरच्या डोक्यात घातली आणि तबक सरकन बाहेर आलं. मग नियाजनं विचारलं, आज लाईट कवा जाती? शिवांजली म्हणाली, काळजी करू नका चाचा, इन्व्हर्टर आहे.

सिनेमा सुरू झाला तेव्हाच नाथाजीच्या बायकोनं, साळूबाईंनी ताट आणून ठेवलं. अख्खा मसूर, भाकरी, कांदा. नाथाजी आणि गुंडा मांडीला मांडी लावून बसले. नियाजला वेगळं ताट वाढलं होतं, पण त्यानं त्याला हात लावला नाही. पडद्यावर पहिल्याच दृश्यात मोठं घर, पांढऱ्या भुवयांचा पाहुणा आलेला.

"हे काय, शेवट आदीच लावला व्हय?" नाथाजी म्हणाला.

"आसंल. हल्ली तसं करत्यात," गुंडा म्हणाला आणि त्यानं भाकरी मोडली.

दोघं खुशीत होते. पडद्यावरच्या भावांनी ताटात हात घातला तसा यांनीही घातला. आणि मग ज्या ठिकाणी फीत अडकली होती तिथून सिनेमा पुढं गेला. घरमालकानं दोन घास खाल्ले, गळा धरला, रक्त ओकलं आणि ताटावर आडवा झाला. पांढऱ्या भुवया हसल्या आणि स्वच्छ हिंदीत म्हणाल्या, की वीस साल से इसी निवाले का इंतजार था.

गुंडाचा हात ताटात तसाच थांबला. शिवांजलीनं घाईघाईनं रिमोट शोधला आणि चित्र थांबवलं, ते नेमकं त्या आडव्या पडलेल्या माणसावर.

गुंडानं हात मागं घेतला आणि सावकाश म्हणाला, "दादा, तवा तुज्या घरी जेवून गेलो, त्येच्यानंतर तीन दिस माजं पोट बिघाडलं व्हतं."

"तू नऊ भाकरी खाल्ल्या व्हत्यास," नाथाजी म्हणाला.

"तुला ह्यो फुडचा भाग ठावं व्हता का? तू लष्करात व्हतास. थितं दावत्यात आसलं."

नाथाजीचा चेहरा कसनुसा झाला. छत्तीस वर्षं ज्याला पहिला घास दिला त्यानं हे विचारावं, याचं त्याला फार लागलं. तो गप्प बसला, आणि त्याचं गप्प बसणं गुंडाला कबुलीसारखं वाटायला लागलं. साळूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. एक शब्द न बोलता ताटाशी बसल्या, भाकरीचा तुकडा मोडला, मसुरात बुडवला आणि गुंडाच्या डोळ्यांत डोळे घालून चावून चावून खाल्ला. गुंडानं मान खाली घातली, पण हात ताटाकडं गेला नाही.

नियाजला दिसलं, की विहिरीवरून आता पुन्हा भांडण उभं राहणार. इज्जत जाईल तर जाऊ दे म्हणून तो उठला.

"आप्पा, चूक माजी हाय. कॅसेट मी उलटी लावली व्हती. देवानं परत पाटवलं वगैरे मी माज्या मनचं सांगितलं. त्या ताटात काय व्हतं ते मला ठावंच न्हवतं. आबांचा ह्यात काडीचा संबंध न्हाई."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं आणि लगेच रडू आलं. आता हे दोघं आपल्याला दाराबाहेर काढणार, अशी त्याची खात्री होती. पण गुंडाआप्पा त्याच्याकडं डोळे बारीक करून बघत राहिले. आयुष्यभर कोर्टाची पायरी न चढलेला हा माणूस एकदम वकिलासारखा बोलायला लागला.

"उलटी व्हती, ह्ये तुला कोनी सांगितलं?"

"साताऱ्याच्या दुकानदारानं."

"त्येला चिनी येत व्हतं?"

"न्हाई."

"तुला येतं?"

"न्हाई, आप्पा."

"मग ह्यो हिंदीत बोलतोय, त्येला येत आसंल कशावरनं?"

कशावरनं, हे नियाजला खरंच माहीत नव्हतं. चिनी सिनेमाला माइकवर बसून दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्या माणसाची जात तो चांगली ओळखून होता. शिवांजली म्हणाली, अहो, पण रक्त दिसतंय ना समोर. गुंडाआप्पांनी थांबलेल्या चित्राकडं नीट पाहिलं.

"पानाचं आसंल," ते म्हणाले. "ठसका लागलाय त्येला."

एवढं बोलून त्यांनी ताटातला सगळ्यात मोठा तुकडा उचलला, मसुरात बुडवला आणि स्वतः न खाता नाथाजीच्या तोंडापुढं धरला. "चुकलं, दादा," ते म्हणाले. नाथाजीनं तोंड उघडायला जरा वेळ लावला, पण उघडलं. साळूबाई पदरानं डोळे टिपत भाकरी आणायला आत गेल्या.

त्यानंतर कुणी सिनेमा लावायला सांगितलं नाही. पाण्याच्या पाळीवरून आणि उसाच्या तोडीवरून गप्पा निघाल्या. निघताना नाथाजीआबांनी नियाजचा हात हातात घेऊन सांगितलं, की माज्या घरात भांडान हू नये म्हनून तू सगळा दोष अंगावर घेतलास, लय मोठं मन तुजं. मी खरंच बोललो, असं नियाजनं तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा आबांनी त्याची पाठ थोपटली.

प्लेअर स्कूटरला बांधून नियाज रहिमतपूरला निघाला, पण त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. दुकानदार म्हणाला उलटी, आपण मानलं उलटी. पण चिठ्ठ्या लावणाऱ्याला तरी काय ठाऊक होतं? छत्तीस वर्षं आपण गुन्हेगारासारखे वागलो, ते नेमकं कशासाठी? वाटेत दोनदा वळण चुकता चुकता राहिलं.

घरी त्याची बायको चांदबी जेवायची थांबली होती. नियाज वाडीत उपाशीच राहिलाय हे तिनं चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि ताट वाढायला घेतलं. वाढता वाढता तिनं विचारलं, एवढा गाजलेला शिनेमा, हाय तरी काय त्यात?

"दोन चुलतभाऊ असत्यात," नियाज म्हणाला. "एक दुसऱ्याकडं जेवायला येतो."

"मग?"

"मग जेवत्यात."

"आनि बदला?"

नियाजनं भाकरी मोडली.

"त्यो आदीच हून गेलेला असतो," तो म्हणाला आणि जेवायला लागला.