परुळेकर वकिलांची साखळी

आमच्या ओट्यावरचा तळलेला बांगडा नाहीसा झाला, मांजर खिडकीत मिशा चाटत बसले होते, आणि तरीही शेजारच्या परुळेकर वकिलांनी मांजराचे वकीलपत्र घेतले.

"वयनी, खाताना तुमी बघलास?"

"मिशांना मसाला लागलाय, भाऊजी!" माझी पत्नी कडाडली.

"मसालो लागलो, इतक्याच सिद्ध झाला. पुराव्याची साखळी पुरी करा. एक कडी निसटली की आरोपी सुटलो."

मांजर निर्दोष सुटले.

घाटकोपरच्या आमच्या इमारतीत परुळेकरांसमोर 'बहुतेक' म्हणण्याची सोय नव्हती. जिन्यात सांडलेल्या पाण्यावरून तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवणाऱ्या सेक्रेटरींची त्यांनी भर सभेत उलटतपासणी घेतली होती. मी माणसांविषयी चटकन मत बनवणारा; या विधुर, एकट्या गृहस्थाच्या शेजाराने माझी ती खोड पुष्कळशी मोडली. सगळी नव्हे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. वाकोल्याच्या बाबू न्हाव्याचे अपील त्यांच्याकडे आले. भागीदाराचा रात्री सलूनमध्ये गळा चिरलेला. दाराला बाहेरून कुलूप. किल्ली बाबूकडेच असते, असे सर्वांनी गृहीत धरलेले. खून करताना कोणी पाहिले नव्हते, तरी जन्मठेप झाली होती.

खालच्या कोर्टातल्या साक्षी वाचताना परुळेकर चहावाल्याच्या एका वाक्यापाशी थांबले. सलूनची किल्ली रात्रभर त्याच्या टपरीच्या खिळ्याला असे; सकाळी जो आधी येई तो ती काढी. त्या गल्लीतल्या सगळ्याच दुकानांची ती रीत; म्हणजे किल्ली कोणाच्याही हाती लागू शकत होती. सरकारी साक्षीदारच हे बोलून गेला होता आणि कोणी ऐकले नव्हते. हायकोर्टाने ऐकले. बाबू सुटला.

त्या आठवड्यात मी भेटेल त्याला, ओळख नसली तरी, "मी परुळेकरांचा शेजारी" असे सांगत होतो.

पुढे एका सकाळी मी त्यांच्याकडे बसलो असताना बाबू आला. पाया पडला, पण उठेना.

"कोर्टाने सोडलं, साहेब. पण गिऱ्हाईक खुर्चीत बसत नाय. तुम्हाला तरी वाटतं ना, मी नाय केलं?"

'वाटणे हा पुरावा नव्हे', हे त्यांचे ठरलेले वाक्य येणार, म्हणून मी मान खाली घातली. परुळेकर उठून आत गेले. स्वतःचा वस्तरा आणि साबणाची वाटी आणून त्यांनी बाबूसमोर ठेवली, आणि खुर्चीत बसून मान मागे टाकली.

बाबूने वस्तरा उघडला आणि परत मिटला. "नको, साहेब."

"मान माझी आसा. तू चालव," परुळेकर म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.