मुलुंडची स्वारी, अथवा दुसऱ्या खेळीस राजा बाहेर पडिला त्याची हकीकत

श्री रवळनाथ प्रसन्न.

आम्हांस आज्ञा जाहली की, मुलुंड मुक्कामी श्वेताबाईंच्या डोहाळजेवणाचे दिवशी आतील खोलीत जे युद्ध जाहले, त्याची साद्यंत हकीकत लिहून ठेवावी. कारण बाहेर दिवाणखान्यात फोटो काढणारे पुष्कळ होते, आत एकही नव्हता. ऐसियास जे घडले ते लिहिले आहे. पदरचे तिखटमीठ लागले असेल तर ते चवीपुरतेच, त्याबद्दल वाचणारांनी तकरार करू नये.

कांजूरमार्गी राजमान्य राजेश्री नंदकुमार घाडीगावकर ऊर्फ नंदोजीराव म्हणून गृहस्थ. मूळ मुलूख कोकण. आजा लालबागेस गिरणीत, बापही तेथेच, आणि नंदोजीराव गोदीच्या कचेरीत चाकरी करून अब्रूनिशी निवृत्त जाहलेले. कन्या एकुलती एक, श्वेता. ती मुलुंडचे सुबोधराव नेरुरकर यांचे चिरंजीव सर्वेश यांस दिली. सोयरीक उत्तम जाहली. मुलगी सुखात, जावई गरीब स्वभावाचे, विहीण मालनबाई सुगरण. परंतु सुबोधराव बुद्धिबळ खेळत.

आणि नुसते खेळत नसत, तर मोबाईलमधील अ‍ॅपापुढे रोज बसून डावाच्या आरंभीच्या खेळ्या त्यांनी पाढ्यांसारख्या घोकल्या होत्या. कोणते प्यादे आल्यास कोणते प्यादे सोडावे, कोणत्या घोड्यावर कोणता उंट रोखावा, मग किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात बंदोबस्ताने कधी बसवावा, ऐसे सारे जिभेवर. नंदोजीराव मुलीस भेटावयास जात आणि चपला काढतात न काढतात तोच पट मांडलेला असे, आणि सुबोधराव मोठ्या मनाने पांढरी फौज पाहुण्यास देत, आणि मालनबाई आत आले किसून चहाचे आधण ठेवीत, आणि त्या चहास उकळी येण्यापूर्वी नंदोजीरावांचा वजीर पडे, आणि मग राजाची कोंडी होऊन मात होई. मग चहा येई. मग सुबोधराव सोंगट्या फिरोन मांडून, “व्याहीबुवा, तुमचं इथे चुकलं,” ऐसे म्हणून एकेका खेळीचा पंचनामा करीत, आणि नंदोजीराव कप हाती धरून मान डोलावीत. चहा पोटात जाई, पण चव कळत नसे. समोर श्वेता बसलेली असे, तिला बापाशी चार गोष्टी बोलावयाच्या असत, आणि बापाचे चित्त पडलेल्या वजिराशी गुंतलेले असे.

ऐसे होता होता नंदोजीरावांचे मुलुंडास जाणे कमी जाहले. आज गुडघा धरला, उद्या सोसायटीची सभा आहे, परवा पाणी येणार नाही म्हणून भरून ठेवावयाचे आहे, ऐशा सबबी ते फोनवर सांगत. श्वेता रागावत नसे, ती नुसते “बरं बाबा” म्हणे. ते “बरं” नंदोजीरावांच्या काळजास लागे. हरण्याचे दुःख त्यांनी कसेही गिळिले असते, कारण माणूस मुळात दिलदार. परंतु हरण्याच्या धास्तीने पोटच्या पोरीच्या घरचा उंबरा चुकवावा, याची त्यांस मनापासून लाज वाटत होती.

इतक्यात डोहाळजेवणाचा दिवस मुक्रर जाहला. आता कोणतीच सबब चालणारी नव्हती. मग कांजूरच्या स्वयंपाकघरात खलबत बसले. खलबतास नंदोजीराव आणि त्यांचे कुटुंब जानकीबाई, ऐसे दोघेच. नंदोजीरावांनीही ते अ‍ॅप घेतले होते; ते डोळे मिटून खेळ्या म्हणत आणि जानकीबाई खोबरे किसता किसता मोबाईलमध्ये पाहून ताळा करीत. पहिल्या चार खेळ्या ठीक जात, पाचव्या खेळीस घोडा भलत्याच घरी जाई. पुन्हा आरंभ, पुन्हा घोडा भलत्या घरी. शेवटी जानकीबाईंनी किसणी खाली ठेविली आणि फर्माविले, “तेंका जां पाठ आसा तांच तुमी पाठ करतास. मगे जिंकतले तेच ना? तेंका ठावक नाय अशी वाट धरा.”

हे बोल ऐकोन नंदोजीरावांस आजाची याद आली. आजा लालबागच्या खोलीत देशी रीतीने खेळे. त्या रीतीत किल्लेकोट नाही; राजा एकवार घोड्यासारखी उडी घेऊन आपल्या पायांनी घराबाहेर पडे. राजाने हत्तीच्या आड दडून बसावे हे नंदोजीरावांस लहानपणापासून नामुष्कीचे वाटत आले होते. उडी हल्लीच्या कायद्यात बसत नाही. परंतु राजा चालत निघाला तर त्यास कोण अडविणार? तेव्हाच बेत ठरला की पहिल्या खेळीस राजापुढील प्यादे सारून वेस उघडावी, आणि दुसऱ्या खेळीस राजाने स्वतः स्वारीस निघावे. जानकीबाईंस बुद्धिबळातले ओ की ठो कळत नसे, तरी त्यांनी मसलतीस मंजुरी दिली आणि खोबरे पुन्हा किसावयास घेतले.

ठरल्या दिवशी रिक्षा करून कूच जाहले. हिरवी साडी, ओटीचे सामान आणि फुलांच्या दागिन्यांचा खोका जानकीबाईंच्या मांडीवर, आणि नंदोजीरावांच्या मांडीवर लाडवांचा डबा. भांडुपास रस्ता खोदलेला असल्याने फौज तेथे बराच काळ अडकून पडली. तेवढ्या अवधीत नंदोजीरावांनी डब्याच्या झाकणावर बोटाने राजा चालवून पाहिला आणि प्रत्येक वेळी तो मेला. हे त्यांनी जानकीबाईंस सांगितले नाही.

मुलुंडास दिवाणखाना बायकांनी गच्च भरला होता. फुलांची वाडी घालून श्वेता झोपाळ्यावर बसली होती, तिने बापास पाहून हात केला आणि बापाने लाडवांचा डबा उंच धरून दाखविला. इतक्यात मालनबाईंचा हुकूम सुटला की पुरुषमंडळींनी आतील खोलीत बसावे आणि बोलाविल्यावाचून बाहेर डोकावू नये. आतील खोलीत इस्त्रीच्या टेबलावर पट मांडून तयार होता. सर्वेश पलंगाच्या कडेस साक्षीदार म्हणून बसले. सासऱ्याची दरवेळची गत ठाऊक असल्याने ते अगोदरच दिलगीर दिसत होते.

पांढरे राजाचे प्यादे दोन घरे पुढे सरले. सुबोधरावांनी तत्काळ आपले प्यादे समोर भिडविले आणि पुढची खेळी खेळण्यास हात तयार ठेविला. मग नंदोजीरावांनी श्रीरवळनाथाचे स्मरण करून राजा उचलिला आणि त्या मोकळ्या वाटेवर एक घर पुढे ठेविला.

सुबोधरावांचा तयार हात हवेतच राहिला.

“व्याहीबुवा, राजा चुकून हलला का? परत घ्या हवं तर.”

“चुकून नाही,” नंदोजीराव म्हणाले. “घरात बसून कंटाळलाय. जरा पाय मोकळे करू दे.”

येथून सुबोधरावांची पंचाईत सुरू जाहली. पाठांतरात ऐसा राजा कोठेच नव्हता. साधा हल्ला केला असता तर नंदोजीराव तेथेच बुडते, हे बखरकारास कबूल केलेच पाहिजे. परंतु जाणता मनुष्य साधे काही पाहीनासा होतो. यात काही दगा आहे, कोणीतरी शिकवून पाठविले आहे, ऐसा संशय त्यांनी घेतला, आणि चष्मा पुसला, आणि पट डावीकडून न्याहाळला, आणि मग उजवीकडून, आणि शेवटी घाबरून किल्लेकोट करून बसले. तोवर पांढरा राजा तिरका चालत आपल्याच प्याद्यांच्या सावलीस जाऊन पोहोचला होता. बाहेर गाणी चालू होती. पेढा की बर्फी म्हणून झाकलेली वाटी उघडली गेली आणि बर्फी निघाली म्हणून एकच गलका उठला. आत कोणाचेही लक्ष नव्हते.

मग घनघोर झटापट जाहली. नंदोजीरावांचा एक घोडा फुकट गेला, त्याचे त्यांस फार वाईट वाटले. वजिरास वजीर पडला, हत्तीस हत्ती पडला, उंट उभयपक्षी खपले, आणि मैदान विरळ जाहले. तेव्हा सुबोधरावांस राजा जिवंत धरण्याचा लोभ सुटला. त्यांनी किल्ल्यातला उरलेला हत्ती बाहेर काढिला, घोडाही त्यामागे धाडिला, आणि शहावर शह देत पांढऱ्या राजास पटभर पळविले. नंदोजीरावांचा राजा एक घर सरके, शह चुकवी, पुन्हा सरके. त्यास बाहेर हिंडण्याची सवय जाहली होती. शेवटी शह आटले. परंतु तिकडे काळे एक प्यादे दौडत आले होते, ते सुबोधरावांनी आणखी एक घर पुढे रेटिले. आता पुढच्या पावलास त्याचा वजीर होणार, आणि मग कांजूरचा निकाल लागणार, हे सर्वेशांसही दिसले.

ऐन या समयास दार उघडोन मालनबाई चहा घेऊन आल्या.

त्यांनी पटाकडे पाहिले आणि त्या दारातच थबकल्या. “अगंबाई, अजून चालू आहे?” ऐसे त्या म्हणाल्या, आणि ही वार्ता दिवाणखान्यात पोहोचताच जानकीबाई आल्या, आणि त्यांच्यामागे फुलांच्या बाजूबंदांसह श्वेता सावकाश चालत आली. मुलीने बापास त्या घरात चालत्या डावापुढे चहाचा कप घेऊन बसलेले प्रथमच पाहिले. नंदोजीरावांनी एक घोट घेतला. आल्याची झणझणीत चव जिभेस लागली, डोक्यात उजेड पडला, आणि त्यांनी पटावरून डोळे फिरविले तो काय, काळ्या किल्ल्याचे सारे शिपाई शिकारीस गेलेले. आत राजा एकटा, पुढे त्याचीच तीन प्यादी भिंतीसारखी उभी, आणि पळावयास चोरदरवाजा ठेविलेलाच नाही. नंदोजीरावांनी कप खाली ठेविला, हत्ती उचलिला आणि मोकळ्या रस्त्याने थेट शेवटच्या घरात नेऊन टेकविला.

“शह,” ते म्हणाले. मग पुन्हा नीट पाहून हळूच म्हणाले, “आणि मात.”

सुबोधरावांनी पुष्कळ वेळ पाहिले. वजीर होऊ घातलेले प्यादे शेवटच्या घरापासून एका पावलावर तसेच उभे राहिले. त्यांचा चहा निवोन वर साय धरली. मग ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, “व्याहीबुवा, माझं कुठे चुकलं?”

या प्रश्नाचे उत्तर नंदोजीराव कित्येक रविवार मनात घोळवीत आले होते. पंचनामा करण्याची ऐसी संधी पुन्हा येणारी नव्हती. परंतु समोर लेक उभी होती, तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती; आणि नंदोजीरावांस एकाएकी पटावरील काहीच सांगू नयेसे वाटले. ते मालनबाईंकडे वळून म्हणाले की चहा झकास जाहला आहे, आणखी अर्धा कप मिळाल्यास बरे. मालनबाई म्हणाल्या की इतक्या वर्षांत हे आजच कळले का, आणि आनंदाने आत गेल्या.

“बाबा,” श्वेता म्हणाली, “पुढच्या रविवारी गुडघा दुखणार आहे का?”

“नाही गं,” नंदोजीराव म्हणाले. “गुडघा बरा झाला.”

येणेप्रमाणे मुलुंडचा किल्ला फत्ते जाहला. तहात ऐसे ठरले की हरलेल्याने पट आवरावा, जिंकणाराने पंचनामा करू नये, आणि चहा येताच उभयपक्षी शस्त्रे खाली ठेवून आधी श्वेताबाईंशी बोलावे. पुढील रविवारी नंदोजीराव जेवणवेळेच्याही आधी हजर जाहले. लेकीशी पोटभर बोलणे जाहल्यावर पट मांडिला, तेव्हा सुबोधरावांनी प्रथमच पांढरी फौज स्वतःकडे मागून घेतली, राजापुढील प्यादे दोन घरे सोडिले, कोणाच्याही डोळ्यांस डोळा न देता दुसऱ्या खेळीस आपला राजा उचलिला, आणि एक घर पुढे ठेविला. हे जसे जाहले तसे लिहिले आहे. लेखनसीमा.