नकाराची बर्फी

माझ्या अर्जाला नकार आला की आमचे दिनकरकाका संत्रा बर्फी घेऊन येतात. नकार कळून तास झालेला नसतो, आणि हे पाव किलोचा डबा घेऊन दारात उभे. "तोंड गोड कर. उत्तर तं आलं ना गा. बाकीच्याइले तं कुत्रंही विचारत नाही." गेल्या वर्षभरात मी इतकी बर्फी खाल्लीय की जुन्या पँटा कमरेत बसत नाहीत.

काका धरमपेठेत आमच्याच खालच्या मजल्यावर राहतात. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून जन्म काढला. स्वतः बारावी. पण माझ्यासारख्या पीएचडी झालेल्या पोरांना पोस्टडॉक, म्हणजे पुढची दोन-तीन वर्षांची संशोधनाची नोकरी, शोधून द्यायचं वेड असं की विचारू नका. नोकरीला ते 'स्थळ' म्हणतात, आणि चौकशीही तशीच करतात. प्राध्यापकाचे शोधनिबंध गेले चुलीत. काका आधी त्याच्या विद्यार्थ्यांसोबतचा फोटो मोठा करून पाहतात. "हे पाह्य. गाईड मधात खुर्चीवर, पोरं मागं उभी. एकही हसून नाही राहिलं. कॅन्सल."

मग तिथून सोडून आलेल्या कुणाचा तरी नंबर मिळवून थेट फोन. "काहून सोडलं गा? जेवाले वेळ देते का तो?" एकदा असाच वर्ध्याचा एक पोरगा फोनवर रडायलाच लागला. काका त्याला समजावत बसले आणि माझ्या अर्जाची मुदत टळून गेली. मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू.

त्यांची मुलगी सायली वनस्पतिशास्त्रात पीएचडी. काकू गेल्यापासून घरात दोघंच. तिच्यासाठी मात्र काकांना एकही स्थळ पटेना. एका गावी थंडी फार, दुसरीकडे गाईडच्या भुवया चढलेल्या, तिसरीकडे बसस्टॉप लांब. सायली हूं की चूं करायची नाही. शेवटी मीच तोंड उघडलं. "काका, अशा नोकऱ्यांना पीएचडीनंतर किती वर्षं झाली ते पाहतात. तिची वर्षं हातची जाऊन राहिली. तुम्हीच आडवे येऊन राहिले."

काका उठून खाली गेले. मला वाईट वाटलं, पण बोलून बसलो होतो.

तीन आठवड्यांनी ते वर आले. फिनलंडमधली एक जागा होती. तिथं राहून आलेल्या अमरावतीच्या पोराला चारदा फोन करून झाले होते. "खोटच निघत नाही गा," काका म्हणाले. अर्ज त्यांनीच सायलीसमोर बसून भरून घेतला.

महिन्याभराने होकार आला. सायलीने वर येऊन सांगितलं, आणि काकांचा पत्ता नाही. मग मीच बर्फी घेऊन दुपारी खाली गेलो. काका एकटेच बसले होते. सायली पासपोर्टच्या कामाला गेली होती.

त्यांनी एक वडी उचलली आणि हातातच धरून ठेवली. "मले वाटलं होतं, ते नाही म्हणतील. म्हणूनच भरू देल्ला अर्ज. आता मी एकटा पडतो गा."

काकांनी वडी डब्यात ठेवली, चष्मा पुसला आणि अमरावतीच्या पोराला फोन लावला. "मी सायलीचा बाबा बोलून राहिलो. पोरगी जाऊन राहिली तिकडं. तिथं जेवाले सोबत कोणी राहते का? तिले एकटं जेवाची सवय नाही."

फोन ठेवला. मग म्हणाले, "तुझं जेवण झालं का गा?"

माझं झालं होतं. मी 'नाही' म्हणालो.