भिंगरीची ढाल

त्या रविवारी सकाळी मी बायकोला स्वयंपाकघरात मदत करायचं ठरवलं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर माणसाने असले नवे प्रयोग करू नयेत, हे मला आता कळलंय. पण आता कळून काय उपयोग!

आधी ऑफिसचं सांगतो. (कोणत्या खात्याचं ते सांगत नाही. खातंही मी त्याचा आहे असं कुठे सांगत फिरत नाही.) दीड वर्षापूर्वी आमचं बुऱ्हाणपूरचं ऑफिस आणि खंडव्याचं ऑफिस एक करण्यात आलं. वरून आलेल्या कागदात याला 'एकत्रीकरण' म्हटलं होतं. म्हणजे एका इमारतीत दोन शिपाई, दोन माठ आणि आवक-जावकच्या एका टेबलाला दोन बाबू. एक मी आणि दुसरा खंडव्याचा सुधाकर. पहिल्या दिवशी आम्ही दोघं एकदमच दारात पोचलो. मी म्हणालो, "आधी तुम्ही." तो म्हणाला, "छे छे, आधी तुम्ही." मी पुन्हा म्हणालो, "नाही, आधी तुम्हीच." मग तो आत गेला आणि खुर्चीवर बसला. तेव्हापासून मी स्टुलावर आहे.

आता वरून दुसरा कागद आला होता. टेबल एक, तर बाबूही एक. उरलेल्याची बदली. उरलेला कोण, हे आमचे नवे साहेब गिरधर महाजन ठरवणार होते आणि यादी सोमवारी लागणार होती. बदलीची जागा होती सिंगरौली. मी नकाशा काढून बघितला. बुऱ्हाणपूर राज्याच्या या टोकाला, सिंगरौली त्या टोकाला. इकडे लोधीपुऱ्यातलं आमचं घर, बायकोची म्हणजे अलकाची शाळेतली नोकरी. माझी झोप उडाली होती.

त्यात महाजनसाहेबांनी दोन्ही ऑफिसांची मनं जुळावीत म्हणून त्याच रविवारी सहकुटुंब स्नेहसंमेलन ठेवलं. दर घराने एक पदार्थ आणायचा आणि जेवणानंतर मोबाइलवरच्या एका गेमची फायनल. या गेममध्ये आपण राक्षसासारखे विचित्र प्राणी पाळायचे, वाढवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवायचे. आधीच्या फेऱ्या महिनाभर लोकांनी घरूनच खेळल्या होत्या. फायनलला दोघं पोचले. एक स्वतः महाजनसाहेब. दुसरी माझी बायको.

अलका तीन वर्षं हा गेम खेळते. मला वाटायचं ती मोबाइलवर शाळेचे पेपर तपासते. तिची लाडकी भिंगरी नावाची एक खार आहे. शेपटीला वीज, अंगात वारा आणि जीव अगदी चिमणीएवढा. ऑफिसच्या कार्यक्रमात आजवर अलकाला 'श्रीकांतची मिसेस' एवढंच नाव होतं आणि भजी वाढायचं काम. या वेळी ऑफिसच्या फळ्यावर पहिल्यांदा 'अलका' असं लिहिलं गेलं. तिने त्या फळ्याचा फोटो काढून दापोऱ्याला भावाला, भाईदासला पाठवला. तो एवढा खूश झाला की त्याने कच्च्या केळ्यांचा अख्खा घड धाडून दिला.

त्या घडाचे वेफर न्यायचे ठरले. अलका कढईपाशी आणि मी मदतीला. वेफरची किसणी कढईवर आडवी धरून केळं सरळ तेलातच पाडायचं असतं. मी तीन चकत्या झकास पाडल्या. चौथ्या वेळी अख्खं केळंच हातातून सुटलं.

"अग्गं बाई! काय करी राहिले तुम्ही!"

तेल उडालं ते अलकाच्या उजव्या हातावर. अंगठा आणि दोन बोटं. मी धावत जाऊन तिचा हात नळाखाली धरला. डॉक्टरांनी मलम लावून हाताला एवढं मोठं बँडेज बांधलं आणि सांगितलं, आठवडाभर हात हलवायचा नाही.

रिक्षात ती रडली. हात दुखतोय म्हणून नाही, ते मलाही कळत होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी बोलून गेलो, "तू सांग, मी दाबतो. तुझ्या जागी मी खेळतो."

(त्या दिवसातला हा दुसरा निर्णय.)

तिने डोळे पुसले आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं. शाळेत सगळ्यात ढ पोराकडे ती अशीच बघत असणार.

"ऐका मग. भिंगरी शेवटी काढायची. तिला एक फटका बसला की संपली बिचारी. पण तिच्याएवढं तेज, चपळ कोणीच नाही, समजलं? म्हणून आधी तिनेच मारायचं. समोरचा गार झाल्यावर तो मारेल कुठून?"

"आणि हे निळं बटण?"

"ती ढाल. एकदा टिकते. लगेच दुसऱ्यांदा घेतली तर फुटते. त्याला तुम्ही हातच नका लावू. लाल बटण, बस. इचार करायचा नाही."

विचार न करता काम करायचं, हे मला जमण्यासारखं होतं. बावीस वर्षं तेच करतोय.

स्नेहसंमेलनाच्या हॉलच्या दारातच सुधाकर भेटला. त्याने अलकाच्या हाताची चौकशी केली आणि मला बाजूला घेतलं.

"श्रीकांतभाऊ, साहेबांना हारणं बिलकुल पसंद नाही हां. उद्या यादी आहे. देख लो, म्हणजे बघा आपलं." एवढं बोलून तो आत गेला. (आधी तोच गेला, हे सांगायला नको.)

जिंकलो तर सिंगरौली. हरलो तर घरी अलका. दोन्हींत जास्त भयंकर कोणतं, हे त्या क्षणी सांगणं कठीण होतं.

साहेब समोरच्या सोफ्यावर बसले, मी खुर्चीवर आणि अलका माझ्या मागे उभी. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळं दिसत होतं. दोन्ही बाजूंना तीन-तीन प्राणी. पहिले दोन अलकाने कानात सांगितलं तसे मी लढवले आणि काय आश्चर्य, साहेबांचेही दोन पडले, आमचेही दोन पडले. शेवटी साहेबांनी त्यांचा भीमा काढला. पाठीवर डोंगर घेतलेलं कासव, पण त्याचाही जीव काठावर आला होता. मी भिंगरी काढली. ती पडद्यावर अशी नाचायला लागली की पोरासोरांनी शिट्ट्या मारल्या.

"झालं," अलका कानात म्हणाली. "एकच फटका. लाल दाबा."

तेवढ्यात साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "चला श्रीकांत, होऊ द्या तुमचं."

आता यात माझा दोष किती ते तुम्हीच सांगा. बावीस वर्षांत कोणत्याही साहेबांच्या आधी मी दारातून गेलो नाही, चहाला हात लावला नाही, शिंकलोसुद्धा नाही. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "छे छे साहेब, आधी तुम्ही." आणि अंगठा निळ्या बटणावर पडला.

भिंगरीने ढाल धरली. भीमाने आपला पाय आपटला, तो ढालीवर बसला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, ही काहीतरी मोठी चाल आहे.

"अहो, मारा न आता!" अलका दात आवळून म्हणाली. "ढाल गेली. आत्ता मारा!"

पडद्यावर आकडे उलटे पडत होते. दहा, नऊ, आठ. मी लाल बटणावर अंगठा नेला. खरंच नेला होता. तेवढ्यात साहेब खोकले.

"पाणी आणू का, साहेब?"

"खेळा हो!" साहेब म्हणाले.

"अहो!" अलका म्हणाली.

तीन, दोन. साहेब अजून खोकत होते. खोकणाऱ्या माणसाला मारायचं कसं? अंगठा पुन्हा निळ्यावर पडला.

ढाल फुटली. भीमाचा पाय आला. भिंगरी आडवी झाली आणि तिच्या शेपटीतली वीज विझली. माझ्या मागून काहीच आवाज आला नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

साहेबांचा चेहरा काही फुलला नाही. त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "श्रीकांत, तुमची खार माझ्या कासवापेक्षा तेज होती ना?"

"होय, साहेब."

"एका फटक्यात मी गेलो असतो ना?"

"होय, साहेब."

"मग मारलं का नाही?"

"आपला मान, साहेब."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "मान कुठे मागितला होता हो मी? महिनाभर मी वहिनींशी खेळायची वाट बघत होतो. तुम्ही मला खेळूच दिलं नाही." मग ते अलकाकडे वळून म्हणाले, "वहिनी, हात बरा झाला की पुन्हा. हे जिंकणं मी धरत नाही." आणि उठून वेफर खायला गेले. शेजारणीने तळून दिलेले वेफर मात्र उत्तम झाले होते. (पहिल्या तीन चकत्या माझ्या होत्या.)

सोमवारी ऑफिसच्या फलकावर यादी लागली. मी आणि सुधाकर एकदमच तिथे पोचलो. सवयीने मी म्हणालो, "आधी तुम्ही बघा."

त्याने बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

यादीत सगळ्या टेबलांची मिळून अकरा नावं होती. मी शाळेत हजेरीत शेवटी, लग्नाच्या पंगतीत शेवटी, बढतीच्या यादीत तर शेवटीही नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव सगळ्यांच्या आधी होतं. एक नंबर, सिंगरौली. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

घरी आलो तेव्हा अलका झोपाळ्यावर बसली होती. उजवा हात उशीवर आणि डाव्या हातात मोबाइल. पडद्यावर समोर, घरून खेळणाऱ्या महाजनसाहेबांचा भीमा उभा होता, त्याचा जीव पुन्हा काठावर आलेला. भिंगरी आली, डाव्या अंगठ्याने लाल बटण दाबलं गेलं आणि कासव पाय वर करून उलटं पडलं. सगळं मिळून दोन सेकंद. म्हणजे कालसुद्धा डावा अंगठा होताच. हे ना तिला सुचलं होतं, ना मला.

मी तिला यादीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण मान काही वर केली नाही. मी शेजारी बसून जरा घसा साफ केला.

"मग? सिंगरौलीला कधी निघायचं आपण?"

अलका म्हणाली, "आधी तुम्ही."